माशांचे बाळपण व पाण्यातील धातू

मृगाचा पाऊस एकदा चांगला लागला, ओढे गढूळ होऊन दुथडी वाहू लागले, की हिरडस मावळात व कानद खोऱ्यात लोक रात्री बत्ती घेऊन ओढ्याकाठी जातात. कशासाठी जातात, हे भोर-वेल्ह्याकडील मुलांस सांगावयास नको. चढणीचे मासे आलेले असतात. वर्षभर धरणाच्या खोल पाण्यात किंवा नदीच्या डोहात राहिलेला मासा नव्या पाण्याची चाहूल लागताच प्रवाहाच्या उलट दिशेने निघतो, खडकांवरून उड्या घेतो, ओढ्यात शिरतो आणि थेट भातखाचरांच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो. तो अन्नासाठी इतका खटाटोप करीत नाही. अंडी घालण्यासाठी करितो. चढणीच्या माशाच्या पोटात जी गाभोळी सापडते, ती त्याच्या प्रवासाचे कारण होय.

जे मासे जाळ्यातून सुटतात ते अंडी घालून परत फिरतात, आणि आपले लक्षही तेथेच संपते. परंतु खरी कथा त्यानंतर सुरू होते. किलोभर वजनाची रोहूची मादी दोन लाखांहून अधिक अंडी देते. त्यांपैकी मोठे मासे किती होतात म्हणाल, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीची अंडी व पिले कोणी खाऊन टाकते, कोणी चिखलात गाडली जातात, कोणी पाणी आटल्याने मरतात. हा सृष्टीचा नित्यक्रम आहे व त्यासाठीच तिने अंड्यांची उधळपट्टी केलेली आहे. पण अलीकडच्या शे-दीडशे वर्षांत ह्या बालमृत्यूच्या कारणांत मनुष्याने आपल्या हातांनी एक भर घातली आहे. शिसे, पारा, तांबे, जस्त, कॅडमियम, क्रोमियम ह्या जड धातूंचे क्षार पाण्यात मिसळले असता माशाच्या पिलांचे काय होते, हे ह्या लेखात थोडक्यात सांगावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल, कारखाने पुण्या-मुंबईकडे. आम्हां डोंगरातल्या लोकांस ह्याच्याशी काय कर्तव्य? त्यासाठी प्रथम नकाशा उघडून पाहावा. वेल्ह्याच्या भागात पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. आंबी व मोशी ह्या नद्यांचे पाणी मुठेत पडून पुण्याच्या मध्यातून वाहत भीमेला मिळते. कानंदी व गुंजवणी ह्यांचे पाणी नीरेत जाते. भोरकडची वेळवंडीही, भाटघरच्या धरणात विसावा घेऊन, नीरेतच पडते. नीरा पुढे नीरा-नरसिंगपूर येथे भीमेस मिळते. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांवरून निघालेले थेंब शेकडो मैलांचा वळसा घेऊन पुन्हा एकत्र येतात. पाणी खाली जाते, आणि मासा, जेथे त्याच्या वाटेत धरण आडवे आलेले नाही तेथे, पिढ्या वाढविण्यासाठी वर येतो. आपले ओढे हे ह्या साऱ्या खोऱ्यांचे पाळणाघर आहे.

ह्या पाळणाघराची कीर्ती जुनी आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनेतील मासे गोळा करून त्यांतील अनेकांस १८३९ साली शास्त्रीय नावे दिली. नावे देताना त्याने एक मौजेची गोष्ट केली. लॅटिन शब्दांचा शोध करीत न बसता येथील कोळी-भोई लोक जी नावे घेत, तीच त्याने थोडा फेर करून शास्त्रात दाखल केली. म्हणून मळ्या माशाचे 'मुल्या', शिंगटीचे 'सींगटी', आणि आपल्या नद्यांतील महासीर माशाचे 'खुद्री' हे नाव आज जगातील प्रत्येक प्राणिशास्त्राच्या ग्रंथात आढळते. हा महासीर त्यास मुळा-मुठेत मिळाला होता. आज पुणे शहराखाली मुळा-मुठेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ही गोष्ट खरी वाटणे कठीण जाईल. त्या नदीची जी दशा झाली तिला सांडपाणी मुख्यतः कारण आहे. परंतु पिंपरी-चिंचवडच्या बाजूस धातूंवर मुलामा चढविण्याचे कारखाने पुष्कळ आहेत व त्या धंद्यात क्रोमियम, निकेल, जस्त ह्यांचे द्राव रोज वापरावे लागतात, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

सांडपाणी व धातू ह्यांत मोठा भेद आहे. शेण, उष्टे-खरकटे, मैला ह्यांस सूक्ष्म जंतू खातात व काही काळाने त्यांचे मूळ रूप नाहीसे होते. धातू कुजत नाही, जळत नाही, शिळा होत नाही. ओढ्यात पडलेले शिसे आज गाळात असेल, उद्या शेवाळात, परवा माशाच्या हाडात. पण शिसे ते शिसेच. शिवाय ते डोळ्यांस दिसत नाही. ज्यांस हे पाहावयाचे असेल त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली मोरचुदाच्या द्रावात एक घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवून ठेवावा. थोड्याच वेळात खिळ्यावर तांब्याचा तांबूस थर चढलेला दिसेल. ते तांबे कोठून आले? ते आरंभापासून पाण्यातच होते. घरी आईस विचारावे म्हणजे तीही हेच निराळ्या शब्दांत सांगेल. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, आणि कळकलेले ताक फेकून द्यावे लागते. आंबटाने धातू विरघळविला व तो ताकात उतरला, एवढाच त्याचा अर्थ.

येथे धातूंवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. तांबे व जस्त हे शरीरास अल्पांशाने लागतातच. आपल्या ओढ्यांतील खेकड्याचे तर रक्तच तांब्यावर चालते; आपल्या रक्तात लोहाचे जे काम, ते त्याच्या रक्तात तांबे करिते. सारा प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्याहूनही अधिक, कोणाच्या प्रमाणाचा ह्याचा आहे.

भारतीय मानक ब्यूरोने २०१२ साली पिण्याच्या पाण्याचे जे मानक ठरविले, त्यात एका लिटरमध्ये ५ मिलिग्रॅमपर्यंत जस्त चालेल असे म्हटले आहे. माणसास त्यापासून बाधा होत नाही. परंतु अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील प्राण्यांसाठी मध्यम कठीण पाण्यात जी मर्यादा धरली, ती ०.१२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या प्याल्यातील मर्यादेच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाइतकी. तांब्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर माणसास लिटरमागे १.५ मिलिग्रॅम तांब्याचे पाणी चालू शकते. जलचरांसाठी मात्र ०.००९ मिलिग्रॅमही अधिक काळ राहू नये असे मानतात. "पाणी आम्ही पितो, मग मासे का मरतील?" हा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर ह्या आकड्यांत आहे. आपण पाणी पितो. मासा पाण्यात श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांची त्वचा अत्यंत पातळ असते व तीवरून रात्रंदिवस पाणी वाहत असते.

ह्या कल्ल्यांवर धातू काय करितो, हे शोधून काढण्याचा मान कॅथलीन कार्पेंटर ह्या विदुषीकडे जातो. वेल्स प्रांतातील कार्डिगनशायर येथे शिशाच्या जुन्या खाणी होत्या व त्यांखालचे ओढे माशांवाचून ओस पडले होते. खाणी बंद झाल्या तरी पाऊस पडला की खाणीबाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगांतून शिसे ओढ्यात उतरे. १९२० नंतरच्या दशकात कार्पेंटरबाईंनी ह्या ओढ्यांचा अभ्यास केला व लहान मासे धातूंच्या द्रावात ठेवून प्रयोग केले. तीव्र द्रावात माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्राव गोठतो, कल्ल्यांवर त्याचा थर बसतो, आणि मासा पाण्यात असून गुदमरून मरतो, असे त्यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. हे झाले मोठ्या मात्रेचे काम. अल्प मात्रेचे काम अधिक कपटी असते व ते पिलांवर चालते.

अंड्यापासून आरंभ करू. माशाचे अंडे पाण्यात पडताच पाणी शोषून फुगते व त्याचे बाह्य कवच कणखर होते. आत गर्भास हालचाल करावयास जागा मिळते ती ह्या फुगण्यामुळे. तांबे किंवा कॅडमियम पाण्यात असेल तर ते प्रथम ह्या कवचास चिकटते. एका अर्थी कवच गर्भाचे रक्षण करिते, कारण पुष्कळसा धातू तेथेच अडतो. पण अंडे नीट फुगत नाही. पुढे बाहेर येण्याच्या वेळी गर्भ एक रस सोडून कवच आतून विरघळवितो व शेपटीच्या फटकाऱ्यांनी ते फोडतो. धातूमुळे त्या रसाचे काम मंदावते व गर्भाचे फटकारेही दुबळे पडतात. रोहू, कटला ह्यांच्या अंड्यांतून एरव्ही उबदार पाण्यात एका दिवसाच्या आतच पिले बाहेर पडतात. अशा घाईच्या कारभारात थोडा उशीर झाला तरी तो प्राणावर बेततो.

बाहेर पडलेले पिलू, ज्यास आपल्याकडील मत्स्यव्यवसायात मत्स्यजिरे म्हणतात कारण ते खरोखरच जिऱ्याएवढे असते, पोटाखाली बलकाची शिदोरी घेऊन येते. ती संपेपर्यंत त्यास तोंड चालवावे लागत नाही. ह्या दोन-तीन दिवसांत त्याचे कल्ले, हृदय, डोळे, पाठीचा कणा, सारे बनत असते. शाळेची इमारत बांधताना एखादी वीट वाकडी बसली तर वरची भिंत तशीच जाते. तद्वत् ह्या दिवसांत झालेला बिघाड जन्मभर राहतो. कॅडमियमचा कण आकाराने व विद्युद्भाराने कॅल्शियमसारखा असल्यामुळे शरीर फसते व ज्या दारांनी कॅल्शियम आत घ्यावयाचे त्याच दारांनी कॅडमियम आत घेते. हाडांस हवे ते मिळत नाही आणि नको ते येऊन बसते. कणा वाकतो, हृदयाभोवती पाणी साठते. शिशाच्या अल्प अंशात बरेच दिवस वाढलेल्या ट्राउट जातीच्या पिलांची शेपटी काळी पडते व पाठ वाकडी होते. शिसे मज्जातंतूंवर घाला घालते त्याची ही खूण आहे. कित्येकांचा वाताशय, म्हणजे माशास पाण्यात तोलून धरणारी हवेची पिशवी, हवेने भरतच नाही. असे पिलू तळाशी पडून राहते. वाकड्या पाठीचा मासा पोहेल कसा, आणि न पोहणाऱ्यास कोण जगू देईल?

हे सर्व भ्रूणाच्या अंगी प्रत्यक्ष पाहता येते, ह्याचे श्रेय एका चिमुकल्या हिंदी माशास आहे. झेब्रा मासा नावाचा हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा हॅमिल्टन नामक वैद्याने गंगेच्या प्रदेशातील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली वर्णिला. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय धडधडताना दिसते. आज जगभर पाण्यातील विषांची परीक्षा ह्याच्या गर्भावर करितात व २०१३ पासून त्या परीक्षेची आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेतही ह्या माशाच्या गर्भाचे अध्ययन चालते.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट वाटते ती वाकड्या पाठीची नव्हे. ती आहे नाकाची. कार्ल फॉन फ्रिश ह्या शास्त्रज्ञास १९३८ साली असे आढळले की, एका लहान माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात पसरते व त्याचा वास येताच कळपातील इतर मासे घाबरून पळतात किंवा तळाशी दडतात. शत्रू आला, ही दवंडी मेलेला मासाच आपल्या गंधाने देतो. आता एका ग्रॅमचे दहा लाख भाग करावे व त्यांतील पाच-दहा भाग तांबे एका लिटर पाण्यात घालावे. सामन माशाच्या पिलांवर अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत एवढ्याच तांब्याने काही तासांत वास घेण्याची शक्ती मंदावली, व धोक्याचा गंध आला तरी पिले स्वस्थ पोहत राहिली असे दिसून आले. माशाच्या कुशीवरून जी एक रेघ गेलेली असते, जिच्या योगाने त्यास पाण्याची हालचाल समजते, तिच्यातील सूक्ष्म केसही तांब्याने मरतात. पिलू दिसावयास धडधाकट असते. त्याचे वजन करा, लांबी मोजा, काही उणे दिसत नाही. ते फक्त बहिरे-आंधळे झालेले असते. पुढचे काम मरळ मासा किंवा खंड्या पक्षी करितो. मेलेला मासा पाण्यावर तरंगत नाही, पंचनामा होत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

म्हणून नदी निरोगी आहे की नाही हे तिच्यातील मोठ्या माशांवरून ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. महासीरासारखा मासा पुष्कळ वर्षे जगतो. पिले जगेनाशी झाली तरी जुने मासे जाळ्यात येतच राहतात, आणि लोक म्हणतात, नदीस काय धाड भरली आहे? डोंगरातल्या कित्येक वाड्यांत आज पारावर वृद्ध माणसे बसलेली दिसतात, पण शाळेच्या पटावर मुलांची नावे उरलेली नाहीत. गाव वसलेले आहे असे वाटसरूस वाटते. शिक्षकास मात्र हजेरीपत्रक उघडताच सर्व उमगते. नदीचे हजेरीपत्रक म्हणजे त्या वर्षीची पिले.

पाऱ्याचा मार्ग ह्याहून निराळा आहे. गाळातील जंतू त्याचे रूपांतर एका सेंद्रिय विषात करितात. ते शेवाळातून कीटकात, कीटकातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात जाताना प्रत्येक पायरीस अधिक साठत जाते. मादीच्या शरीरात साठलेला पारा तिच्या अंड्यांत उतरतो, आणि पिलू स्वच्छ पाण्यात जन्मले तरी विषाचा वारसा घेऊनच येते. जपानातील मिनामाता येथे ही गोष्ट माणसांच्या बाबतीत घडली. एका रासायनिक कारखान्याचे पाऱ्याचे पाणी उपसागरात जात होते. मासे खाऊन लोकांचे हातपाय लुळे पडू लागले व १९५६ साली त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. कित्येक मातांस स्वतःस फारसा त्रास झाला नव्हता, पण त्यांची मुले जन्मतःच अपंग निघाली. आपल्या ठाण्याच्या खाडीतही पारा आढळल्याचा अभ्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केला होता. पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, त्यास मिनामाता हेच नाव दिले आहे. भारताने तो २०१८ साली मान्य केला.

आता पुन्हा आपल्या खोऱ्याकडे वळू. येथे कार्डिगनशायरसारख्या शिशाच्या खाणी नाहीत, हे आपले भाग्य. तथापि दोन गोष्टी आपल्या पिलांच्या विरुद्ध आहेत. पहिली, पाण्याचा मृदुपणा. पाण्यात चुना विरघळलेला असला म्हणजे तो कल्ल्यांवरील जागा अडवून बसतो व धातूस शिरकाव मिळत नाही. पावसाळ्यात कातळावरून धावत आलेल्या पाण्यात असा चुना थोडा असतो; साबणाचा फेस त्यात लवकर होतो हे सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळे देशावरील कठीण पाण्यात जी मात्रा पिलू सोसेल, ती डोंगरी ओढ्यात त्यास सोसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. उन्हाळाभर जमिनीवर, रस्त्यावर, अंगणात साचलेले सारे पहिल्या पुरात एकदम धुऊन येते, आणि तोच चढणीचा काळ. कात्रजचा घाट उतरून शिवगंगेच्या खोऱ्यातून जाणाऱ्या महामार्गावर अहोरात्र गाड्या धावतात. उतारावर ब्रेक दाबला की त्याची पट्टी झिजते, आणि कित्येक पट्ट्यांत तांबे असते. ती भुकटी पावसाने ओढ्यात जाते. ह्याच कारणास्तव कॅलिफोर्निया संस्थानाने ब्रेकमधील तांबे कमी करण्याचा कायदा २०१० साली केला. बागाइतीत बुरशीवर मोरचुदाची फवारणी होते. ते औषध चांगले आहे, पण पंप ओढ्यात धुऊ नये. फुटक्या बॅटरीतील शिसे व आम्ल नाल्यात ओतणे, हे तर ज्याने कळकलेले ताक पाहिले आहे त्याने करूच नये. ज्येष्ठ-आषाढात जन्मलेली पिले भाद्रपदात दोन महिन्यांची बोटुकली झालेली असतात, त्याच वेळी गणपतीचे विसर्जन येते. जुन्या चकचकीत रंगांत शिसे व क्रोमियम असे. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम भारतात २०१७ पासून लागू आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० साली केलेल्या व २०२० साली सुधारलेल्या सूचनांत विषारी रंग वर्ज्य सांगितले आहेत. शाडूची मूर्ती व गेरू-हळदीसारखे रंग हे तर आपल्या आजोबांच्या घरीच होते.

ज्या विद्यार्थ्यांची घरे ओढ्याकाठी आहेत त्यांनी एक काम करावे. पूर ओसरल्यावर, आश्विनात पाणी निवळले म्हणजे, वडील माणसांस बरोबर घेऊन एखाद्या उथळ डोहाच्या काठी सकाळी पाव तास स्वस्थ बसावे. बोटाएवढे मासे किती दिसतात, कोणत्या जातीचे, एकत्र पोहतात की विखुरलेले, आपली सावली पाण्यावर पडताच दडतात की नाही, एखाद्याची पाठ वाकडी आहे काय, हे वहीत तारखेनिशी लिहावे. पाण्यात हात घालण्याची किंवा मासे धरण्याची जरुरी नाही. दुसऱ्या वर्षी त्याच डोहावर त्याच सुमारास पुन्हा जावे. वरच्या वर्गात गेलेल्याने आपली वही मागून येणाऱ्यास द्यावी. जीवशास्त्राच्या तासाला ती आणल्यास आम्ही आनंदाने पाहू. सावली पडली तरी पिले दडत नसतील, तर ती नोंद तांबड्या शाईने करावी.